डॉर्नियर दिसलं तर ते कुणाचं आणि कोणत्या कामाला निघालंय, हे ओळखायचं कसं

वास्को, बोगमाळो, दमण, रत्नागिरी असल्या ठिकाणी जे राहतात किंवा सुट्टीला जातात त्यांच्या डोक्यावरून एक छोटं दोन पंख्यांचं विमान कायम जात असतं आणि बहुतेक जण "असेल कुठलंतरी" म्हणून सोडून देतात. राफेल म्हटलं की सगळे माना वर करतात, पण समुद्रावर रोजची पाळी करणारं हे विमान कुणाच्या खिजगणतीत नसतं. ते म्हणजे डॉर्नियर २२८. मूळचं १९ प्रवाशांचं, छोट्या गावांना जोडणारं साधं प्रवासी विमान, आणि आपल्याकडे नेव्ही, कोस्ट गार्ड, एअरफोर्स तिघंही ते वापरतात.

ओळखायची युक्ती एकच आहे, बाकी सगळा तिचाच विस्तार. प्रवासी डॉर्नियर आणि लष्करी डॉर्नियर एकाच साच्यातून निघतात, पंख तेच, इंजिन तेच, धड तेच. फरक असतो तो नंतर अंगावर चिकटवलेल्या गोष्टींत, म्हणजे पोटाखालचं टेंगूळ, खाली लटकणारा गोळा, पाठीवरच्या अँटेना. म्हणून विमान दिसलं की आधी आकार बघायचा, मग रंग आणि नंबर, आणि मग ही टेंगळं. टेंगळावरनं काम कळतं.

आधी ते डॉर्नियरच आहे ना हे पक्कं करा

पंख कुठे लावलेत ते बघा. डॉर्नियरचे पंख धडाच्या वरच्या बाजूला, खिडक्यांच्या वर, आणि इंजिनं पंखाच्या खाली टांगलेली. पंख सरळसोट, पण टोकाला येऊन मागच्या बाजूला तिरके कापल्यासारखे टोकदार होतात. ही टोकं एकदा डोळ्यात बसली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. डॉर्नियर या जर्मन कंपनीने सत्तरच्या दशकात खास नवीन पंख डिझाइन केला होता आणि २२८ चा जन्म त्या पंखातूनच झाला, धड नंतर त्याला साजेसं जोडलं. धड म्हणाल तर गोल नाहीच, चौकोनी खोकं, टेम्पो ट्रॅव्हलरला पंख लावल्यासारखं दिसतं. नाक लांब आणि खाली झुकलेलं. शेपटीचे आडवे पंख खाली, धडालाच जोडलेले.

लांबी साडेसोळा मीटर, पंखांची रुंदी १७ मीटरच्या आसपास, म्हणजे विमान जवळजवळ जितकं लांब तितकंच रुंद. वजन भरून सुद्धा साडेसहा टनांच्या आसपासच. चाकं उडाल्यावर आत जातात, आणि ती इंजिनाच्या डब्यात न जाता धडाच्या पोटाशी जातात, त्यामुळे इंजिनाचे डबे बारीक आणि सडपातळ दिसतात. हे मला फार उपयोगी वाटतं कारण लांबून रंग दिसत नाही पण इंजिन जाड आहे की बारीक ते दिसतं.

आता गल्लत कुणाशी होते. सगळ्यात जास्त एटीआरशी, कारण पुणे, कोल्हापूर, गोवा, नाशिककडच्या लोकांनी पंख्याचं विमान म्हणून तेच पाहिलेलं असतं. एटीआर ७२ ची लांबी आणि पंखांची रुंदी दोन्ही २७ मीटरच्या घरात, धड गोल, शेपटीचे आडवे पंख वर टोकाला, इंग्रजी टी सारखे. टी दिसला की डॉर्नियर नाही, विषय संपला. एअरफोर्सचं एएन-३२ पण वर पंखवालं आहे पण त्याची इंजिनं पंखाच्या वर बसवलेली आणि प्रचंड मोठी, बघताक्षणी कळतं. नवीन आलेलं सी-२९५ हे सहा पात्यांचे पंखे आणि मागे वर उचललेलं बूड, तिथून रॅम्प उघडतो. जुनं ॲव्रो अजून कुठे दिसलं तर त्याचे पंख खाली असतात, खिडक्या पंखाच्या वर. किंग एअर म्हणजे राज्य सरकारांकडे वगैरे असतं ते, पंख खाली आणि मोठ्या मॉडेलला टी शेपूट. आणि ट्विन ऑटर दिसायला डॉर्नियरच्या जवळ जातं खरं पण त्याची चाकं कायम खाली लोंबत असतात, आत जातच नाहीत, तेवढं बघितलं की झालं.

कानाचा पण वापर करा

डॉर्नियरची इंजिनं गॅरेट कंपनीच्या टीपीई-३३१ जातीची, जुन्या मॉडेलला प्रत्येकी ७१५ हॉर्सपॉवर. गॅरेट पुढे हनीवेलमध्ये गेली. या इंजिनात काँप्रेसर, टर्बाइन आणि गिअरबॉक्समार्फत पंखा, सगळं एकाच दांड्यावर बांधलेलं असतं. एटीआरच्या इंजिनात तसं नाही, तिथे पंखा फिरवणारी टर्बाइन वेगळी. याचा परिणाम असा की डॉर्नियर जमिनीवर उभं असताना सुद्धा इंजिन वेगात फिरत असतं आणि एक कानठळ्या बसवणारी चिरकी किंचाळी ऐकू येते, विमान केवढंसं आणि आवाज केवढा असं होतं. हवेत गेल्यावर मात्र तोच आवाज एकसुरी घरघर होतो.

त्याच कारणामुळे अजून एक खूण आहे जी मला सगळ्यात आवडते. विमान बंद करून उभं असेल तर पंख्याची पाती समोरून बघा. डॉर्नियरची पाती चपटी, म्हणजे रुंद बाजू आपल्याकडे करून थांबलेली असतात, कारण एकाच दांड्यामुळे पुढच्या वेळी स्टार्ट करताना पंख्याला हवेचा विरोध कमीत कमी लागला पाहिजे, म्हणून बंद करतानाच पायलट ती तशी लॉक करून ठेवतात. एटीआर किंवा किंग एअरची पाती उभ्या विमानात वळलेली असतात, समोरून फक्त बारीक कड दिसते. पुढच्या वेळी एअरपोर्टवर बसमधून जाताना बघा, आजूबाजूच्यांना सांगितलंत तर उगाच भाव पण खाता येईल.

जाता जाता एटीआरची एक गंमत. गेटवर उभं असताना उजव्या इंजिनाचा आवाज चालू आणि पंखा मात्र स्तब्ध, असं दिसलं तर घाबरायचं नाही. पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन नुसतं वीज आणि एसीसाठी चालवतात. डॉर्नियरला हे जमणारच नाही, इंजिन फिरलं की पंखा फिरलाच.

रंग आणि नंबर

नेव्हीचं डॉर्नियर करड्या रंगाचं, नंबर आयएन या अक्षरांनी सुरू होणारा. कोस्ट गार्डचं पांढरटसर, त्यावर तिरके पट्टे, ठळक अक्षरात कोस्ट गार्ड असं लिहिलेलं, नंबर सीजी आणि पुढे सातशेचा आकडा. एअरफोर्सच्या विमानांवर भारतीय वायुसेना आणि तिरंगी गोल. नागरी असेल तर व्हीटी ने सुरू होणारा नंबर आणि कंपनीचं नाव, पण ते आपल्याकडे दिसणं दुर्मिळच. अलायन्स एअरने एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीची, डॉर्नियर घेऊन १२ एप्रिल २०२२ ला आसाममधल्या दिब्रुगढवरून अरुणाचलमधल्या पासीघाटला पहिलं उड्डाण केलं, म्हणजे ती बघायची तर ईशान्येकडे जावं लागेल.

रंगाइतकंच ठिकाणावरून पण कळतं. दाबोळीचा विमानतळ मुळात नेव्हीचा आयएनएस हंसा तळ आहे, आपण तिथे पाहुणे. तिथे डॉर्नियर दिसलं तर बहुतेक नेव्हीचं, ३१० स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) म्हणजे कोब्राज. ही स्क्वाड्रन १९६१ ची, आधी विक्रांतवरून अलिझे नावाची जुनी विमानं उडवायची, १९९१ पासून डॉर्नियरवर आली. अलिझे बघायचं असेल तर बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे तिथे उभं आहे, लहान मुलं बरोबर असतील तर जाच. डहाणू, बोर्डी, पालघरच्या बाजूला दिसलं तर ते दमणच्या कोस्ट गार्ड तळावरचं असायची शक्यता जास्त, तिथे त्यांची ७५० स्क्वाड्रन आहे. रत्नागिरीचा विमानतळ पण कोस्ट गार्डकडे आहे. मुंबईत कुलाब्याला नेव्हीचा आयएनएस शिक्रा आहे, पण तो हेलिकॉप्टरचा तळ, तिथनं डॉर्नियर उडत नाही, बरेच जण इथे फसतात. पोरबंदरला ३१४ स्क्वाड्रन, विशाखापट्टणमला ३११, चेन्नईला ३१३. एअरफोर्सची डॉर्नियर म्हटली की दिल्लीत पालमची ४१ स्क्वाड्रन, ऑटर्स, आणि बंगळुरूजवळ येलहंका तळ, तिथे ट्रान्सपोर्टचे पायलट याच विमानावर शिकतात.

आता टेंगळं वाचायची

इथे घाई करू नका. दुर्बीण असेल तर उत्तम, ८ गुणिले ४२ ची पक्षी बघायची साधी दुर्बीण पुरते.

पोटाखाली मोठं गोलसर टेंगूळ दिसलं तर ते रेडार, त्याच्या वरचं कवच म्हणजे रेडोम. एअरफोर्सच्या माल आणि माणसं नेणाऱ्या डॉर्नियरला हे नसतं, पोट सपाट. नेव्ही आणि कोस्ट गार्डच्या टेहळणी विमानांना असतं. पोटाखालीच का, तर नाकात बसवलं असतं तर फक्त पुढचं दिसलं असतं, पोटाखाली अँटेना गोल गोल फिरून चारी बाजूंचा समुद्र बघते. आधी ब्रिटिश रेडार होती, नंतर इस्रायलच्या एल्टा कंपनीचं ईएल/एम-२०२२ आलं.

आता हे एवढ्या छोट्या विमानाला लावून उपयोग काय असं वाटेल तर थोडं गणित करू. पृथ्वी गोल असल्यामुळे रेडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही. जहाजाच्या डोलकाठीवर २५ मीटर उंचीला रेडार लावलं तर समुद्राचा पृष्ठभाग साधारण २० किलोमीटरपर्यंतच दिसतो. तेच रेडार ३,००० मीटरवर नेलं की क्षितिज जातं सव्वादोनशे किलोमीटरवर. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढायचं आणि ४.१ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये, झालं. म्हणजे जहाज कितीही महागडं असू दे, नजरेच्या बाबतीत एक छोटं विमान त्याच्या दहापट लांब बघतं. अर्थात क्षितिज तिथवर आहे म्हणजे तिथली छोटी होडी दिसेलच असं नाही, ते होडीच्या आकारावर आणि लाटांवर पण आहे, पण मोठं जहाज लपणं अवघड.

दुसरी गोष्ट, खाली लटकणारा छोटा गोळा, त्यात काचेचे डोळे. हा कॅमेरा, दिवसाचा आणि उष्णतेवर चालणारा रात्रीचा असा दोन्ही. रेडारवर नुसता ठिपका दिसतो, तो ठिपका मच्छीमार ट्रॉलर आहे की टँकर की आणखी काही हे या गोळ्याने कळतं. अंधारात सुद्धा गरम इंजिनाची होडी थंड पाण्यावर उठून दिसते.

तिसरं म्हणजे पाठीवर आणि पोटावर उभ्या काड्या, पट्ट्या, छोट्या बुटक्या अँटेना. प्रवासी विमानालाही दोन-चार असतातच, पण टेहळणी विमानाला त्याची गर्दी दिसते. काही बोलायच्या रेडिओसाठी, आणि नेव्हीच्या विमानांवर काही दुसऱ्यांच्या रेडारचे सिग्नल पकडायच्या, म्हणजे स्वतः गप्प बसून समोरचा कोणतं रेडार चालवतोय ते ऐकायचं. कुठली काडी कशाची हे जमिनीवरून सांगता येत नाही, जे छातीठोक सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

चौथं जर्मनीत राहणाऱ्यांसाठी, कारण हे तिकडे बघायला मिळतं. धडाच्या बाजूला लांब सपाट पट्टीसारखी अँटेना दिसली तर ते बाजूला बघणारं रेडार, समुद्रावरचा तेलाचा तवंग शोधायला. तेल पसरलं की लाटा बारीक होतात आणि रेडारच्या चित्रात तो भाग काळा दिसतो. जर्मन नेव्हीची अशी डॉर्नियर नॉर्डहोल्झ तळावरून उत्तर समुद्र आणि बाल्टिकवर फिरतात, गुपचूप तेल सोडणारी जहाजं पकडायला. लष्करी विमान आणि काम प्रदूषणाचं, मला हे फार पटतं. आपलं कोस्ट गार्ड पण तेलगळतीच्या कामाला डॉर्नियर वापरतं, तवंग शोधायला आणि त्यावर औषध फवारायला.

पाचवं, मागचं दार. डावीकडे मागे मोठं दार असतं. या विमानाची केबिन हवेच्या दाबाने बंद केलेली नसते, मोठ्या विमानासारखी. प्रवाशांना हा तोटा, कारण फार उंच नेता येत नाही आणि ढगाबिगात चांगलं हलतं. पण समुद्रावर माणूस बुडत असेल तर तोच फायदा, दार उघडून खाली तराफा, पाणी, वॉकीटॉकी टाकता येते. प्रेशर केबिनच्या विमानात दार असं उडताना सहज उघडता येत नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. छोट्या फीडर सर्व्हिससाठी केलेलं स्वस्त विमान शोध आणि बचावाला इतकं चपखल बसलं त्याचं कारण हे, आणि दुसरं म्हणजे धावपट्टी ८०० मीटर असली तरी भागतं. लक्षद्वीपमधल्या अगत्तीचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला तोच डॉर्नियरसाठी.

उडतंय कसं त्यावरनं काय कळतं

सरळ रेषेत समुद्राकडे निघून तासन्‌तास परत न येणारं विमान गस्तीवर गेलं असं समजायला हरकत नाही. धावपट्टीभोवती फेऱ्या मारत टेकतंय आणि परत उडतंय, परत टेकतंय, तर ट्रेनिंग. हे दाबोळीला कधीकधी दिसतं.

किनाऱ्याजवळ एखादी होडी हरवलीये आणि विमान समांतर पट्ट्यांमध्ये ये-जा करतंय, एक रेषा गेली, थोडं सरकलं, उलटी रेषा आली, तर तो शोध चालू आहे. नक्की जागा माहीत असेल तर मधून सुरू करून चौकोन मोठा मोठा करत जातात. फ्लाइटरडार२४ या विमानं नकाशावर दाखवणाऱ्या ॲपवर कधी असा चौकोनी चक्रव्यूह दिसला तर बातम्या बघा, बहुतेक काहीतरी घडलेलं असतं.

ॲपबद्दल एक गोष्ट, लष्करी विमानं त्यावर दिसतीलच असं नाही, त्यांची मर्जी. डोक्यावरून घरघर जातेय आणि ॲपमध्ये काहीच नाही तर त्याचा अर्थ गुप्त मोहीम वगैरे नसतो, नुसतं त्यांनी सिग्नल लावलेला नाही किंवा आसपास कुणाचा रिसीव्हर नाही एवढंच. व्हॉट्सॲपवर लगेच "समुद्रात काहीतरी मोठं चाललंय" म्हणून टाकू नका प्लीज. दिसलंच तर विमानाच्या प्रकारात डी२२८ असं लिहिलेलं येतं.

आत कोण बसलेलं असतं

बाहेरून बघताना हे विसरायला होतं. पुढे दोन पायलट, आणि मागे स्क्रीनसमोर ऑब्झर्व्हर. खरा शिकारी तो, पायलट विमान नेतो आणि ऑब्झर्व्हर ठरवतो कुठे वळायचं आणि कुठला ठिपका जवळ जाऊन बघायचा. २४ मार्च २०१५ च्या रात्री हंसावरून ट्रेनिंगला गेलेलं डॉर्नियर गोव्याजवळ समुद्रात पडलं, त्यात लेफ्टनंट किरण शेखावत गेल्या, त्या ऑब्झर्व्हरच होत्या, आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी. ड्यूटीवर मृत्यू आलेल्या त्या नेव्हीच्या पहिल्या महिला अधिकारी. त्याच वर्षी जूनमध्ये कोस्ट गार्डचं सीजी-७९१ तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये शिवांगी नेव्हीच्या पहिल्या महिला पायलट झाल्या त्या डॉर्नियरच उडवायला, आणि ३ ऑगस्ट २०२२ ला पोरबंदरच्या ३१४ स्क्वाड्रनमधल्या पाच जणींनी सगळी महिला क्रू म्हणून अरबी समुद्रावर स्वतंत्र गस्त पूर्ण केली.

थोडा इतिहास, नाहीतर जुनी नावं कळणार नाहीत

विमान पहिल्यांदा उडालं २८ मार्च १९८१ ला, जर्मनीत म्युनिकजवळ ओबरफाफेनहोफेनला. १९८३ मध्ये एचएएलने परवाना घेतला आणि कानपूरला बनवायला सुरुवात केली. त्या काळात वायुदूत नावाची सरकारी कंपनी होती, तिची डॉर्नियर छोट्या छोट्या गावांना जायची, आईवडिलांच्या पिढीला विचारा, नाव लगेच आठवेल. त्या आठवणी सगळ्या गोड नाहीत, सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात पडलं होतं. पुढे वायुदूत बंद पडली आणि भारतात डॉर्नियर म्हणजे जवळपास लष्करी विमानच झालं. प्रवासी म्हणून आलेलं विमान प्रवाशांनी सोडलं आणि फौजेने ठेवून घेतलं. माझ्या मते कानपूरची लाइन टिकली ती त्याचमुळे, नुसत्या एअरलाइन्सच्या भरवशावर ती कधीच बंद पडली असती.

ठिपके शोधण्याचा उपयोग काय होतो हे बघायचं तर १९९९ ची अलोंड्रा रेनबोची केस वाचा. जपानी मालकीचं जहाज, ॲल्युमिनियमचा माल भरलेलं, इंडोनेशियातून निघालं आणि चाच्यांनी पळवलं, खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. जहाजाचं नाव पुसून मेगा रामा लिहिलं. ते अरबी समुद्रात आलं तेव्हा कोस्ट गार्डच्या डॉर्नियरने शोधून काढलं, मग कोस्ट गार्डच्या ताराबाई या जहाजाने पाठलाग केला, हो, आपल्या महाराणी ताराबाईंचंच नाव, आणि शेवटी नेव्हीच्या आयएनएस प्रहारने गाठलं. चाच्यांनी जहाज जाळून बुडवायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, खेचून मुंबईला आणलं आणि मुंबईच्याच कोर्टात खटला चालला. २००३ मध्ये शिक्षा झाली आणि २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सोडून दिलं, तो वेगळाच विषय.

परदेशात दिसलं तर

मॉरिशसला, सेशेल्सला, मालदीवला, श्रीलंकेला फिरायला गेलात आणि डॉर्नियर दिसलं तर ते कानपूरचं असायची दाट शक्यता आहे. मॉरिशसमध्ये तर मराठी मंडळी पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांच्या कोस्ट गार्डकडे पहिलं डॉर्नियर १९९० मध्येच गेलं. श्रीलंकेला आपल्या नेव्हीने १५ ऑगस्ट २०२२ ला दिलं आणि दुसऱ्याच दिवशी हंबनटोटाला युआन वांग ५ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज येऊन लागलं, टायमिंग बघा. मालदीवमधलं डॉर्नियर तर राजकारणाचा विषय झालं, दोन हेलिकॉप्टर आणि हे एक विमान सांभाळायला असलेले भारतीय सैनिक मे २०२४ पर्यंत परत बोलावले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. विमान तिथेच राहिलं. टेहळणीचं एक छोटं विमान शेजाऱ्याला देणं हे मोठी युद्धनौका पाठवण्यापेक्षा जास्त शहाणपणाचं आहे असं मला वाटतं, कारण बेटांच्या देशाला समुद्र केवढा आणि बघायला डोळे किती थोडे.

युरोपात मात्र नवीन डॉर्नियर दिसलं तरी कानपूरचा विचार करा. स्विस कंपनी रुआगने २०१० च्या सुमारास नवी आवृत्ती आणली, तिचे पंख, धड आणि शेपूट एचएएलने कानपूरला बनवून पाठवलेले. नंतर तो सगळा धंदा जनरल ॲटॉमिक्सने घेतला, प्रिडेटर ड्रोनवाले तेच.

कॅमेऱ्याचं काय

दाबोळी, पुण्याचं लोहगाव हे लष्करी तळ आहेत, तिथे विमानातून, टर्मिनलमधून, कुंपणाबाहेरून फोटो काढायला बंदी आहे. "सगळेच काढतात" हे कारण चालत नाही. २००१ मध्ये ग्रीसमध्ये कलामाता इथल्या एअर शोला गेलेल्या ब्रिटिश आणि डच विमानप्रेमींना हेरगिरीच्या संशयावरून धरलं, शिक्षा पण झाली, अपिलात सुटले, पण वर्षभर झोप गेली त्यांची. आणि ते तर नुसतं नंबर लिहून घेणारे लोक होते. म्हणून तळाच्या आसपास बघा, ऐका, घरी जाऊन आठवेल तेवढं वहीत लिहा, म्हणजे तारीख, साधारण वेळ, रंग, पोट सपाट की टेंगूळवालं, पाती किती. नेव्हीच्या नंबरांची यादी करून नेटवर टाकायचा उद्योग करू नका, त्यात कसलीही मजा नाही आणि कटकट भरपूर.

फोटोच हवे असतील तर येलहंकाला एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन असतं, तिथे एचएएल आपलं विमान मांडून ठेवतं, जवळ जाऊन पोटाखाली वाकून बघता येतं. २६ जानेवारीच्या फ्लायपास्टचे जुने व्हिडिओ बघा, २०२२ मध्ये टांगाइल नावाच्या फॉर्मेशनमध्ये मधे जुनं डाकोटा आणि दोन्ही बाजूंना दोन डॉर्नियर होती. डाकोटाचे पंख खाली, डॉर्नियरचे वर, एकाच फ्रेममध्ये फरक दिसतो, सुरुवात करायला याहून सोपं काही नाही.

पाती मोजायची सवय मात्र आत्ताच लावून घ्या. जुन्या डॉर्नियरच्या पंख्याला चार पाती, धातूची. नव्या आवृत्तीला पाच, काँपोझिटची, आणि आवाज पण जरा कमी. एअरफोर्ससाठी सहा नवीन डॉर्नियरचा ६६७ कोटींचा करार मार्च २०२३ मध्ये झाला त्यात पाच पात्यांचा पंखाच आहे. मार्च २०२४ मध्ये नेव्हीच्या २५ डॉर्नियरच्या अपग्रेडचा २,८९० कोटींचा करार एचएएलशी झालाय, म्हणजे रेडार आणि आतली उपकरणं बदलणार, तेव्हा पुढची काही वर्षं दाबोळीवर तेच जुनं धड अंगावर वेगळी टेंगळं घेऊन उडताना दिसेल, बघत राहा.